स्वयंचलित घड्याळ आणि त्याची फिरती पेटी: किल्ली देण्याच्या प्रश्नाचा इतिहास

१

यांत्रिक घड्याळ चालते याचा अर्थ त्यात आधी साठविलेली शक्ती थोडीथोडी खर्च होत असते. ही शक्ती एका लवचीक पोलादी पट्टीत, म्हणजे घड्याळाच्या मुख्य कमानीत असते. कमान एका गोल डबीत घट्ट गुंडाळली की ती उलगडू पाहते, आणि त्या उलगडण्याच्या जोरावर चाके फिरतात. कमान गुंडाळण्याच्या क्रियेला मराठीत 'किल्ली देणे' किंवा 'चावी देणे' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खिशातील घड्याळाबरोबर खरोखरीची एक लहान किल्ली बाळगावी लागत असे. पुढे घड्याळाच्या कडेला फिरकी आली आणि किल्ली गेली. भाषेत मात्र ती राहिली.

ज्या घड्याळाला किल्ली द्यावी लागत नाही त्याला 'स्वयंचलित' किंवा नुसते 'ऑटोमॅटिक' म्हणण्याचा प्रघात आहे. हे नाव काहीसे फसवे आहे. असे घड्याळ स्वतःहून चालत नाही. ते धारण करणाऱ्या माणसाच्या हालचालीतून शक्ती घेते, आणि ती हालचाल थांबली की सर्वसाधारणपणे दीड ते दोन दिवसांत थांबते. जे घड्याळ मनगटावर नाही तेही चालू राहावे यासाठी एक निराळे साधन पुढे आले. घड्याळ एका उशीवर बसवून विजेच्या लहान मोटारीने ते ठरावीक फेरे फिरविणारी ही पेटी 'वॉच-वाइंडर' या नावाने विकली जाते.

ही पेटी म्हणजे हौशी श्रीमंतांचे खेळणे, असे समजून तिच्याकडे दुर्लक्ष करणे सोपे आहे. परंतु पेटी निवडताना जे प्रश्न पडतात, म्हणजे घड्याळ कोणत्या दिशेला फिरवावे, दिवसातून किती फेरे द्यावेत, आणि मुळात ते चालू ठेवावे की नाही, त्यांपैकी एकाचेही उत्तर पेटीकडे नसते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे घड्याळाच्या यंत्ररचनेत, पर्यायाने तिच्या अडीचशे वर्षांच्या इतिहासात आहेत. तिसऱ्याचे उत्तर या वस्तूविषयीच्या आपल्या कल्पनेवर अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने तो इतिहास मांडला आहे.

२

आपोआप फिरणाऱ्या यंत्राची कल्पना भारतीय ज्योतिषग्रंथांना अपरिचित नव्हती. ब्रह्मगुप्ताच्या ६२८ मधील ब्राह्मस्फुटसिद्धान्तात आणि भास्कराचार्यांच्या ११५० मधील सिद्धान्तशिरोमणीत 'स्वयंवह' यंत्राचे वर्णन येते. चाकाच्या पोकळ आऱ्यांत पारा भरावयाचा. चाक फिरू लागले की पारा एका बाजूस सरकतो आणि त्याच्या भाराने चाक फिरतच राहते, अशी ती कल्पना. चाळीसगावजवळच्या पाटण येथील, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणलेल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याची नोंद आहे. त्यामुळे या ग्रंथपरंपरेचा महाराष्ट्राशी असलेला संबंध केवळ तर्काचा नाही.

तथापि स्वयंवह यंत्र आणि स्वयंचलित घड्याळ यांचा वंशसंबंध जोडण्याचा मोह टाळला पाहिजे. शक्तीच्या अक्षय्यतेचा नियम मान्य केल्यावर पाऱ्याचे चाक बाहेरून शक्ती न घेता अखंड फिरणे शक्य नाही, हे उघड आहे. स्वयंचलित घड्याळ बाहेरूनच शक्ती घेते. फक्त ती घेतल्याचे धारण करणाऱ्याला जाणवत नाही. पहिली कल्पना शक्तीचा प्रश्नच नाहीसा करू पाहते. दुसरी तो प्रश्न माणसाच्या चालण्याफिरण्यावर सोपविते. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे फिरत्या पेटीचे स्थानही स्पष्ट होते. घड्याळाला जी हालचाल माणसाकडून मिळत नाही ती पेटी पुरविते, आणि पेटीला ती विजेकडून घ्यावी लागते.

३

हालचालीने किल्ली घेणाऱ्या घड्याळाचा विश्वसनीय इतिहास अठराव्या शतकाच्या आठव्या दशकात सुरू होतो. स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल प्रदेशातील ल लोक्ल या गावी अब्राहाम-लुई पेर्रेले (१७२९–१८२६) या कारागिराने खिशातील अशी घड्याळे तयार केली. जिनीव्हातील कलामंडळाच्या १७७७ मधील वृत्तात, असे घड्याळ पूर्ण भरण्यास पंधरा मिनिटांचे चालणे पुरते, असे नमूद झाले आहे. याच सुमारास आजच्या बेल्जियममधील लिएज येथील ह्युबेर सार्तों (१७४८–१८२८) यानेही असे एक घड्याळ घडविले आणि १७७८ च्या अखेरीस ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे पाठविले. अकादमीने त्याच्यावर अहवाल तयार केला. त्या अहवालात यंत्राचे सविस्तर वर्णन असून त्याला आकृतीही जोडलेली आहे.

या दोघांतील अग्रमानाचा वाद इतिहासाच्या विद्यार्थ्याला उद्बोधक आहे. आल्फ्रेड शापुई आणि युजेन जाके यांनी १९५२ मध्ये जुन्या स्वयंचलित घड्याळांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. कारागिराची सही नसलेले, पण मध्यभागी पूर्ण वर्तुळात फिरणारे वजन असलेले एक जुने घड्याळ त्यांच्यासमोर होते. ते पेर्रेलेचे असावे असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि तो पुढे अनेक दशके ग्रंथांतून व जाहिरातींतून निर्विवाद सत्य म्हणून फिरत राहिला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जोसेफ फ्लोरेस या फ्रेंच अभ्यासकाने अकादमीचा अहवाल पुढे ठेवून या निष्कर्षाला आव्हान दिले. अहवालातील आकृती आणि ते सही नसलेले घड्याळ यांची रचना जुळते, म्हणून ती रचना सार्तोंची मानली पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन आहे.

दोन्ही पक्षांच्या पुराव्यांचे स्वरूप भिन्न आहे. पेर्रेलेच्या बाजूने १७७७ चे समकालीन उल्लेख आहेत. ते घड्याळ आपोआप किल्ली घेते एवढे सांगतात. आतील यंत्र कसे होते हे सांगत नाहीत. सार्तोंच्या बाजूने दिनांकित वर्णन आणि आकृती आहे, पण ती वर्षभर नंतरची आहे. म्हणून 'स्वयंचलित घड्याळ प्रथम कोणी केले' आणि 'फिरत्या वजनाची रचना प्रथम कोणाच्या नावे सिद्ध होते' हे दोन प्रश्न वेगळे ठेवावयास हवेत. पहिल्याचे उत्तर पेर्रेलेकडे झुकते, दुसऱ्याचे सार्तोंकडे. एका नावाची हौस धरणाऱ्यांनी दोन्ही प्रश्न एकत्र केले, आणि वाद निष्कारण लांबला.

४

पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या अब्राहाम-लुई ब्रेगे (१७४७–१८२३) याने या कल्पनेला प्रतिष्ठा मिळवून दिली. 'पेर्पेत्युएल' या नावाने त्याने १७८० च्या सुमारापासून जी घड्याळे विकली त्यांत वजन मध्यभागी नसून एका बाजूला होते आणि ते झुल्यासारखे वरखाली होई. त्याच १७८० साली लंडन येथे लुई रेकोर्दों याने अशाच घड्याळाचे पेटंट घेतले. या घड्याळांत एक अडचण होती. कमान पूर्ण भरल्यावरही वजन हलतच राहिले तर यंत्रावर अनावश्यक ताण येई. त्यासाठी कमान भरताच वजनाला अडकवून ठेवणारी खिट्टी बसवावी लागे.

ही घड्याळे महाग आणि नाजूक होती. शिवाय खिशातील घड्याळ हे मुळात फारसे हलत नाही. ते उभे राहते, आणि बसून काम करणाऱ्या माणसाच्या खिशात तर ते तासन्तास स्थिर असते. एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात आद्रियँ फिलिप याने कडेच्या फिरकीने कमान भरण्याची आणि काटे लावण्याची सोय केली. किल्ली हरवण्याचा त्रास गेला, आणि त्याबरोबर स्वयंचलित घड्याळाचे मुख्य आकर्षणही गेले. गंमत अशी की स्वयंचलित घड्याळाचा पुढचा मार्ग मोकळा करणारा शोधही याच फिलिपचा आहे. १८६३ मध्ये त्याने अशी कमान पेटंट केली, की जिचे बाहेरचे टोक डबीच्या भिंतीला पक्के न जोडता घर्षणाने धरलेले असते. कमान पूर्ण भरली की हे टोक भिंतीवरून घसरते आणि जादा ताण निघून जातो. विसाव्या शतकातील स्वयंचलित घड्याळांत हीच युक्ती वापरली गेली. वजन अडकविणाऱ्या खिट्टीची गरज राहिली नाही.

फिरत्या पेटीच्या संदर्भात हे फार महत्त्वाचे आहे. 'पेटीत फार वेळ ठेवले तर कमान तुटेल' ही भीती सर्रास ऐकू येते. घसरत्या टोकाच्या कमानीमुळे ती निराधार ठरते. जास्त फेऱ्यांनी कमान तुटत नाही. मात्र ते टोक भिंतीवर पुनःपुन्हा घासले जाते आणि किल्ली देणाऱ्या चाकांची झीज होते. दोष संभवतो तो झिजेचा.

पेटीची पूर्वज म्हणावी अशी एक वस्तूही ब्रेगेच्याच परंपरेत सापडते. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्याने 'सिंपातीक' नावाच्या टेबलघड्याळाची कल्पना मांडली. रात्री खिशातील घड्याळ या मोठ्या घड्याळाच्या माथ्यावरील खोबणीत ठेवावयाचे. मोठे घड्याळ लहानाचे काटे जुळवून देई. १८३५ मध्ये ब्रेगेच्या वारसांनी ओर्लेआँच्या ड्यूकसाठी केलेले सिंपातीक तर खिशातील घड्याळाला किल्लीही देत असे. घड्याळ अंगावर नसताना त्याची काळजी दुसऱ्या यंत्राने घ्यावी, हा विचार त्यात प्रथमच स्पष्टपणे साकार झालेला दिसतो. तो राजघराण्यापुरता राहिला, कारण त्याला लागणारे कौशल्य दुर्मिळ होते. आजच्या पेटीला तसले कौशल्य लागत नाही. तिचे काम घड्याळ नुसते फिरविण्याचे आहे.

५

पहिल्या महायुद्धात मनगटी घड्याळ सैनिकांच्या अंगवळणी पडले. त्यामुळे स्वयंचलित घड्याळाला जी जागा हवी होती ती मिळाली. मनगट खिशापेक्षा पुष्कळच जास्त हलते. त्या युद्धात सेवा केलेला इंग्रज घड्याळजी जॉन हारवुड (१८९३–१९६४) याला दुरुस्तीच्या अनुभवातून असे दिसले, की धूळ आणि दमटपणा मुख्यतः कडेच्या फिरकीच्या छिद्रातून आत शिरतात. फिरकीच काढून टाकावयाची तर किल्ली देण्याची दुसरी सोय हवी. हारवुडच्या दृष्टीने स्वयंचलन हे साध्य नव्हते. घड्याळ बंदिस्त ठेवण्याचे ते साधन होते. त्याने १९२३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९२४ मध्ये ते मंजूर झाले. १९२६ पासून फोर्टिस आणि ब्लाँपाँ या कारखान्यांच्या साहाय्याने ही घड्याळे बाजारात आली.

हारवुडच्या रचनेत वजन पूर्ण वर्तुळ फिरत नसे. दोन्ही टोकांना लहान स्प्रिंगा असत. त्यांवर आदळून ते परत येई. काटे लावण्यासाठी काचेभोवतीचे कडे फिरवावे लागे. एकदा भरलेले घड्याळ सुमारे बारा तास चाले. म्हणजे रात्री काढून ठेवलेले घड्याळ सकाळपर्यंत जेमतेम टिके, आणि हाताने किल्ली देण्याची सोयच नसल्याने ते थांबले तर हलविण्याखेरीज इलाज नसे. जागतिक मंदीत १९३१ मध्ये हारवुडची कंपनी बंद पडली.

त्याच १९३१ साली रोलेक्सने 'पर्पेच्युअल' घड्याळ आणले. त्यात वजन अर्धवर्तुळाकार पट्टीचे असून ते ३६० अंशांत मोकळे फिरे. या रचनेचे श्रेय तेथील तंत्रप्रमुख एमिल बोरर याला दिले जाते. फिरकी कायम ठेवण्यात आली, पण ती आवळून बसविण्याची होती. म्हणजे हारवुडने छिद्र बंद करण्यासाठी जे केले तेच येथे निराळ्या मार्गाने साधले. सार्तोंच्या अहवालातील रचना आणि ही रचना यांत साम्य आहे. तथापि विसाव्या शतकातील कारागिरांनी अठराव्या शतकातील ती आकृती पाहिली होती असा पुरावा नाही. एकाच अडचणीतून एकच उत्तर दोनदा निघू शकते, आणि साम्य म्हणजे उसनवारी नव्हे, याचे हे चांगले उदाहरण आहे.

६

फिरते वजन दोन्ही दिशांना फिरते; कमान मात्र एकाच दिशेने गुंडाळता येते. १९३१ च्या रोलेक्समध्ये वजनाच्या एकाच दिशेच्या फेऱ्यांचा उपयोग होई. उलट दिशेचे फेरे वाया जात. दोन्ही दिशांचे फेरे एकाच दिशेच्या गतीत कसे रूपांतरित करावेत, हा पुढील तीस वर्षांचा मुख्य तांत्रिक प्रश्न होता.

त्याची उत्तरे निरनिराळी आली. फेल्सा कारखान्याच्या १९४२ मधील 'बिडायनेटर' यंत्रात एक लहान चाक वजनाच्या दिशेप्रमाणे बाजू बदलते आणि पुढील चाकाला नेहमी एकाच दिशेने ढकलते. आय. डब्ल्यू. सी. या शाफहाउझेनच्या कारखान्यात आल्बेर पेलातों याने वजनाच्या आसावर हृदयाकृती तबकडी बसविली. तिच्यामुळे एक तरफ डोलते आणि तिच्या दोन खिट्ट्या दातेरी चाकाला आळीपाळीने ओढतात. हे यंत्र १९५० मध्ये घड्याळांत आले. जपानच्या सेइकोने १९५९ मध्ये 'मॅजिक लिव्हर' म्हणून जी तरफ वापरली ती याच तत्त्वाची, पण फार थोड्या भागांत बसणारी असल्याने स्वस्त घड्याळांतही परवडणारी ठरली. दरम्यान १९४८ मध्ये एटेर्नाने वजनाचा आस पाच गोळ्यांच्या लहानशा बॉल-बेअरिंगवर बसविला, आणि वजनाच्या आसाची झीज हा जुना दोष पुष्कळसा कमी झाला.

दोन्ही दिशांची रचना म्हणजे प्रगती आणि एका दिशेची म्हणजे मागासलेपण, असे मात्र समजता येत नाही. एदमों काप याने आखलेले आणि १९७४ मध्ये आलेले व्हाल्जू ७७५० हे काळमापक यंत्र एकाच दिशेने किल्ली घेते आणि आजही मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. एका दिशेच्या यंत्रात भाग कमी असतात. उलट दिशेने वजन अडथळ्याशिवाय गरगरते, त्यामुळे झीजही कमी होते. दोन्ही रचना एकाच वेळी बाजारात नांदत आहेत, आणि फिरत्या पेटीच्या निवडीतील पहिली अडचण येथेच उत्पन्न होते.

७

फिरती पेटी घरगुती वस्तू म्हणून का आली, याचे कारण यंत्रविद्येपेक्षा समाजेतिहासात शोधावे लागते. स्वयंचलित घड्याळ ही मुळात एका माणसाच्या एका घड्याळासाठी केलेली सोय आहे. जो रोज तेच घड्याळ बांधतो त्याला पेटीची गरज कधीच पडत नाही. कारखान्यांत आणि दुरुस्तीच्या दुकानांत घड्याळे फिरवून तपासण्याची चक्रे पूर्वीपासून होती. ग्राहकाने तसले चक्र घरी ठेवावे याला कारण नव्हते.

ही स्थिती २५ डिसेंबर १९६९ नंतर हळूहळू बदलली. त्या दिवशी सेइकोने 'क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन' विक्रीस आणले. विजेच्या घटावर चालणारे क्वार्ट्झ घड्याळ लवकरच स्वस्त झाले आणि अचूकपणात यांत्रिक घड्याळ मागे पडले. वेळ पाहण्यासाठी यांत्रिक घड्याळ आवश्यक राहिले नाही. ते टिकले ते कारागिरीचा नमुना आणि संग्रहाचा विषय म्हणून. संग्रह म्हटला की एकाहून अधिक घड्याळे आली, आणि माणसाला घड्याळ बांधावयाचे मनगट एकच असते. १९९० नंतरच्या दशकात इटलीतील स्कातोला देल तेम्पो, अमेरिकेतील ऑर्बिटा यांसारख्या निर्मात्यांच्या पेट्या परिचित झाल्या, त्या या पार्श्वभूमीवर.

पेटीची खरी निकड एका विशिष्ट प्रकारच्या घड्याळांना आहे. चिरंतन पंचांग असलेली घड्याळे तारीख, वार, महिना आणि लीप वर्ष दाखवितात, आणि अखंड चालू राहिली तर २१०० सालापर्यंत त्यांना हात लावावा लागत नाही. पाटेक फिलिपचे १९६२ मधील ३४४८ क्रमांकाचे घड्याळ हे क्रमवार निर्मिलेल्या अशा स्वयंचलित मनगटी घड्याळांतील पहिले मानले जाते. असे घड्याळ काही आठवडे थांबले तर सर्व दर्शके पुन्हा जुळवावी लागतात. अनेक रचनांत तारीख मागे घेता येत नाही, आणि मध्यरात्रीच्या आसपास यंत्र तारीख बदलत असताना जबरदस्ती केली तर भाग तुटतात. येथे पेटी चैनीची राहत नाही. केवळ तास-मिनिटे आणि तारीख दाखविणाऱ्या घड्याळाच्या बाबतीत मात्र वाचणारे श्रम अर्ध्या मिनिटाचे असतात.

पेटी निवडताना आणि वापरताना कोणती पथ्ये पाळावीत, ते आता वरील विवेचनावरून सहज निघते.

पहिले पथ्य दिशेचे. एका दिशेने किल्ली घेणारे घड्याळ चुकीच्या दिशेने वर्षभर फिरविले तरी भरत नाही. म्हणून पेटीत उजवी, डावी आणि आळीपाळीने दोन्ही, अशा तीन दिशा निवडता आल्या पाहिजेत, आणि आतील यंत्र कोणते आहे हे मालकाला ठाऊक असले पाहिजे. तबकडीवरील नाव येथे पुरेसे नाही, कारण एकाच नावाच्या घड्याळांत वेगवेगळ्या काळी वेगवेगळी यंत्रे बसविलेली असतात.

दुसरे पथ्य संख्येचे. बहुतेक यंत्रांना दिवसाला ६५० ते ८०० फेरे पुरतात. ७७५० साठी ८०० च्या आसपासचा आकडा सांगितला जातो. दोन्ही दिशांनी किल्ली घेणाऱ्या अनेक यंत्रांना ६५० पुरे होतात. मिनिटाला सहा फेरे धरले तर ६५० फेऱ्यांना सुमारे १०८ मिनिटे लागतात. म्हणजे चांगली पेटी दिवसातील बहुतेक वेळ स्थिर असते आणि मधूनमधून थोडी फिरते. अखंड फिरणारी, संख्या न मोजणारी स्वस्त पेटी कमान तोडत नसली, तरी घसरत्या टोकाला निष्कारण घासत ठेवते. कमीत कमी फेऱ्यांपासून आरंभ करावा, आणि घड्याळ थांबू लागले तरच संख्या वाढवावी.

तिसरे पथ्य गुरुत्वाकर्षणाचे. वजन पेटीबरोबर फिरत नाही. ते आपल्या भाराने खाली राहते आणि घड्याळ त्याच्याभोवती फिरते. म्हणून घड्याळ उभे किंवा पुरेसे तिरपे असले पाहिजे. आडवे, तबकडी आकाशाकडे करून फिरविले तर वजनाला खाली अशी दिशाच उरत नाही, आणि ते घड्याळाबरोबर नुसते फिरत राहते. काही पेट्यांत घड्याळ पूर्ण न फिरविता वर नेऊन सोडून देतात. ते लंबकासारखे झुलते, त्यामुळे दिशेचा प्रश्न उद्भवत नाही.

चौथे पथ्य असे, की थांबलेले घड्याळ एकदम पेटीत ठेवू नये. पेटीचे काम भरलेली कमान भरलेली ठेवण्याचे आहे. रिकामी कमान आधी फिरकीने वीस-तीस फेरे देऊन भरावी. सेइकोच्या ७एस२६ सारख्या ज्या यंत्रांत हाताने किल्ली देण्याची सोय नाही, ती काही वेळ हातात बांधून वा हलवून चालू करावी लागतात. पाचवे पथ्य मोटारीविषयी आहे. मोटारीच्या चुंबकत्वापासून घड्याळाला आडोसा हवा, कारण हेअर-स्प्रिंगला चुंबकत्व चिकटले तर घड्याळ बहुधा पुढे पळू लागते. उशीही अशी असावी, की पट्टा ताणला जाणार नाही आणि घड्याळ सैल राहून निसटणार नाही.

८

अखेरचा प्रश्न घड्याळ चालू ठेवावे की नाही, हा आहे. तेल साकळू नये म्हणून घड्याळ नेहमी चालते ठेवावे, असा सल्ला जुन्या काळी दिला जाई. वनस्पतिज आणि प्राणिज तेले वापरात असताना तो रास्त होता. आधुनिक कृत्रिम तेलांच्या बाबतीत त्याचे बळ पुष्कळ कमी झाले आहे. उलट बाजूचा हिशेबही मांडला पाहिजे. तासाला २८,८०० ठोके देणारे यंत्र दिवसाला ६,९१,२०० आणि वर्षाला २५,२२,८८,००० ठोके देते. पेटीत ठेवलेले घड्याळ एवढे ठोके कोणीही वेळ न पाहता देत असते. त्याची झीज आणि त्याच्या तेलाचा क्षय मनगटावरील घड्याळाप्रमाणेच होतो. साफसफाईचा काळ पेटीमुळे पुढे जात नाही. संग्रहालयांत जुनी घड्याळे बहुधा थांबविलेली ठेवतात, ते याच कारणास्तव. तेथे वस्तू टिकविणे हे तिच्याकडून काम घेण्यापेक्षा मोठे मानले जाते.

भारतीय वाचकाला या प्रश्नाची एक परिचित बाजू आहे. ल लोक्लमध्येच ज्या घराण्याची मुळे आहेत ते फाव्र-ल्यूबा हे नाव १८६५ पासून मुंबईच्या बाजारात रुळले होते. १९६१ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूर येथे घड्याळे निर्माण करण्यास आरंभ केला, आणि किल्लीच्या घड्याळांबरोबर पुढे स्वयंचलित घड्याळेही केली. या कारखान्याचा घड्याळविभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. लग्नात किंवा नोकरी लागल्यावर मिळालेली ही घड्याळे आज अनेक घरांतील कपाटांत थांबलेली आहेत. अशा घड्याळासाठी पेटी घ्यावी काय, असे विचारल्यास वरील विवेचनाच्या आधारे उत्तर नकारार्थीच द्यावे लागते. सुटे भाग दुर्मिळ झालेल्या यंत्राला अखंड फिरविणे म्हणजे त्याचे उरलेले आयुष्य कपाटातच खर्च करणे होय. ते जाणत्या घड्याळजीकडून साफ करून घ्यावे, आणि अधूनमधून मनगटावर बांधावे, हे अधिक युक्त.

याचे कारण या यंत्राच्या इतिहासातच आहे. पेर्रेलेच्या घड्याळाला पंधरा मिनिटांचे चालणे पुरत होते; ते माणसाने कुठे तरी जाण्यासाठी चालावयाचे होते. किल्ली देण्याचे श्रम त्या चालण्यातच सामावून जावेत, हा स्वयंचलनाचा मूळ हेतू. फिरती पेटी तेवढेच फेरे देते, पण त्या फेऱ्यांमागे कोणाचे जाणे-येणे नसते. चिरंतन पंचांगाच्या घड्याळाला तिची गरज आहे, ती मान्य करावी, आणि तेथे दिशा, संख्या व विश्रांती यांचा विचार करून ती वापरावी. इतर घड्याळांच्या बाबतीत पेटी विकत घेण्यापूर्वी ते घड्याळ शेवटचे केव्हा बांधले होते, याची आठवण करणे पुरेसे आहे.